वळणावरचा सांधा

स्पिरिटचा बोळा फिरवून मी वळणावरचा रूळ पुसत होतो, तेवढ्यात गंजाचा रंग निघून आला आणि खाली पितळ चमकलं. पितळ मी कधी आणलेलंच नाही. माझे रूळ पांढऱ्या धातूचे, दुकानातून सरळ आणलेले आणि घरी बसून एकेक करून वाकवलेले. मी चष्मा कपाळावर ढकलला आणि नाक फळीला लागेल इतका वाकलो. बाहेरच्या रुळाखाली, सांध्याच्या जिभेला लागूनच, नखाएवढ्या दोन पट्ट्या सरकवून चिकटवलेल्या होत्या. वरून त्यांना गंजाचा रंग फासला होता, तोही माझ्याच डबीतला. काम इतकं बेमालूम की मी ओला बोळा जरा जोरात दाबला नसता तर जन्मभर कळलं नसतं. खोलीत मी एकटाच होतो. खाली बंद पडलेल्या छापखान्याच्या दाराला कुणीतरी सायकल टेकवली, त्या आवाजानं मी केवढ्यानं दचकलो. लुबाडला गेलो होतो मी, आणि चोरासारखा दचकतही होतो मीच.

आम्ही चौघं छोट्या आगगाड्या खेळतो. ‘खेळतो’ हा माझ्या बायकोचा शब्द; आम्ही ‘चालवतो’ म्हणतो. छापखान्याच्या वरची ही खोली भाड्यानं घेतली आहे, अजूनही ओल आली की भिंतींना शाईचा वास येतो. चौघांच्या चार फळ्या, प्रत्येकाची आपापली, आणि त्या एकमेकींना जोडल्या की एक मोठं कडं तयार होतं. बाई शाळेत भूगोल शिकवतात, म्हणून डोंगर त्यांच्याकडे. आयुष्यभर डोंगर फळ्यावर काढले, आता एकदा हातानं रचते, असं म्हणून त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे आणि प्लॅस्टरचे असे कडे उभे केले आहेत की गाडी बोगद्यात शिरली की आपलीही मान आपोआप खाली जाते. डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत. त्यांचं स्टेशन, आणि स्टेशनातले सगळे दिवे. मामा कारखान्यात टर्नर होते, निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. ते कुणाचेच मामा नाहीत आणि सगळ्यांचे आहेत. त्यांच्या फळीवर पूल आहे. आणि माझ्याकडे वळण, वळणावर सांधा: एक रूळ फुटून दोन होतात ती जागा. मला इथं सगळे तपासनीस म्हणतात. मी विम्याच्या ऑफिसात नुकसानीचे दावे तपासतो. जळालेली गोदामं, ठोकलेल्या गाड्या, फुटलेल्या काचा. माणूस खरं बोलतोय की काच त्यानंच फोडली, हे बघायचं. माझं पोट संशयावर चालतं, असं डॉक्टर म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. शनिवारी जमलो की सगळ्यात आधी पाण्याची फेरी. मालगाडीच्या एका उघड्या वाघिणीत औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवायचं, डॉक्टरांनी सिरिंजनं त्यात थेंब थेंब करत काठोकाठ पाणी भरायचं, आणि ती वाघीण चारही फळ्यांवरून एकदा फिरवायची. ज्याच्या फळीवर पाणी सांडेल त्यानं चहा करायचा, कपही विसळायचे. पहिले कित्येक महिने चहा माझाच. वाघीण माझ्या वळणावर आली की अशी काही उसळायची की बाई आधीच म्हणायच्या, “तपासनीस, साखर कमी हं.” मी हसायचो आणि आतून जळायचो. वळणावरचा सांधा बाजारात तयार मिळतो, पण मी इरेला पेटून हातानं करायला घेतला होता. रुळाची जीभ कानशीनं घासत घासत कागदासारखी पातळ करायची, ती दुसऱ्या रुळाला अशी टेकली पाहिजे की चाकाला कळूही नये. किती जिभा घासून वाया घालवल्या त्याची गणतीच नाही. घरी बाल्कनीत बसून घासायचो. बायको म्हणायची, “अहो, दात शिवशिवतात हो तुमच्या त्या आवाजानं.” आणि मग एका शनिवारी वाघीण आली, वळली, आणि पाणी हललंसुद्धा नाही. मामांनी मान डोलावली. दुसऱ्या शनिवारीही नाही. तिसऱ्याही. मग चहा बाईंकडे गेला, डॉक्टरांकडे गेला, माझ्याकडे आला नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी केलेलं आणि मोडलेलं तपासत आलो. हातानं केलेली, चालणारी, माझी म्हणावी अशी एकच वस्तू जगात होती, ती म्हणजे हा सांधा. तिच्यामुळे मी ऑफिसातही थोडा ताठ चालायला लागलो होतो, हे मला आता सांगायला लाज वाटते.

मी फळी कडेवर उभी केली. खालच्या बाजूला माझ्या लाल आणि काळ्या तारांमध्ये एक हिरवी तार होती. हिरवी तार माझी नाही. मग भिंग घेऊन जीभ पाहिली. टोकाला कानशीचे ओरखडे एकाच दिशेचे होते, सगळे समांतर. मी करवतीसारखी पुढंमागं घासतो, त्यावरून मामांची बोलणीही खाल्ली आहेत. पण एका दिशेनं घासायला मामांनी सगळ्यांनाच शिकवलं आहे, बाईंनाही, डॉक्टरांनाही. म्हणजे कुणीही असू शकतं. कुणीतरी मी नसताना येत होतं, माझी चूक दुरुस्त करत होतं, आणि वर माझाच रंग फासून जात होतं. पाणी हलत नव्हतं ते माझ्यामुळे नव्हतंच. आयत्या बिळावर नागोबा झालो होतो मी, आणि नागोबालाच पत्ता नव्हता. कान तापले. ज्यानं हे केलं त्याच्यासमोर मी किती शनिवार मिशीत हसलो असेन, जिभेचा कोन कसा साधला ते किती वेळा समजावून सांगितलं असेल, आणि त्यानं किती मन लावून ऐकलं असेल! ते ऐकणंच मला सहन होईना. लहानपणी शाळेसाठी मी पुठ्ठ्याचं घर केलं होतं, वाकडं, एका बाजूला कललेलं. सकाळी उठलो तर ते सरळ उभं होतं, खिडक्यांना कागदी झडपा होत्या. वडील वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी वर पाहिलंही नाही. त्या घराला बक्षीस मिळालं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला वाटत होतं, माझं ते वाकडं घर कुठं गेलं? ते मला कुणीच परत दिलं नाही. वडिलांना मी कधी विचारलं नाही; विचारलं असतं तर ते प्रेमानंच हसले असते, आणि त्या हसण्याचीच मला भीती होती.

मग मी एक गोष्ट केली. सोल्डरिंगचं टोक कोमट केलं, रुळाला नुसती ऊब दिली, आणि पातळ ब्लेड घालून दोन्ही पट्ट्या सोडवून काढल्या. रूळ हलला नाही, रंगाचा पापुद्रा तेवढा उडाला, तिथं मी परत रंग लावला. हिरव्या तारेला हात लावला नाही. पट्ट्या काड्याच्या पेटीत घालून खिशात टाकल्या. हिशेब सरळ होता. शनिवारी पाणी सांडणार. तिघांना धक्का बसेल, पण त्यातल्या एकाचा धक्का वेगळा असेल. ज्याची वस्तू त्याला ठाऊक असते. दाव्यांच्या कामात मी हेच बघत आलो आहे. जळालेल्या गोदामात सगळे राखेकडे बघतात, आणि एकजण नको तिकडे बघतो.

शुक्रवारी ऑफिसात मी एकाच दाव्याचे कागद सकाळपासून उलटत बसलो होतो. कोण असेल? बाई? त्यांना दुसऱ्याच्या वह्या तपासायची सवय, लाल शाईनं सुधारल्याशिवाय राहवणार नाही. पण त्या लपवणार नाहीत, भर वर्गात सांगतील. डॉक्टर? माणसाला नकळत झोपवायचं आणि काम झालं की उठवायचं, हे तर त्यांचं रोजचंच. मामांचा विचार मी सगळ्यात शेवटी केला, आणि झटकून टाकला. मामा असते तर ते तोंडावर म्हणाले असते, ‘काढ ते, भंगार आहे.’ जेवताना बायको म्हणाली, “रविवारी मी येणार हं. ऑफिसातल्या मैत्रिणीलाही आणते. बघू तरी तुमचा तो सांधा.” रविवारी आमचं प्रदर्शन होतं, पहिल्यांदाच खोलीचं दार लोकांना उघडणार होतो. मी म्हटलं, “गर्दी असेल. पुढच्या वेळी ये.” ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. “वर्षभर कान किटवलेत आणि आता नको?” मी ताटात बोटं फिरवत राहिलो. तिला काय दाखवणार होतो मी?

शनिवारी दुपारी सगळ्यांच्या आधी जाऊन मी कोपऱ्यातली खुर्ची धरली, जिथून तिघांचेही चेहरे दिसतात. बाई आल्या त्या डोंगरावर हिरवळ भुरभुरत बसल्या. डॉक्टर शिट्टी वाजवत आले. मामा सगळ्यात शेवटी, जिना चढून धापा टाकत. महिन्यापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नव्या चष्म्याच्या काचा अजून त्यांच्या चेहऱ्याला बसल्या नव्हत्या. आल्या आल्या त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “काय तपासनीस, उद्या लोक सांध्यासाठी रांग लावणार म्हणे!” मी हसलो. हसताना मी त्यांच्या डोळ्यांत बघत होतो, आणि तिथं काहीच नव्हतं, साधा आनंद होता. “चला, पाणी भरा,” बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी सिरिंज हातात घेतली. झाकण भरत आलं, पाण्याला काठाच्या वर फुगवटा आला. “पेशंट तयार,” डॉक्टर म्हणाले आणि बटण फिरवलं. वाघीण निघाली. बोगद्यात गेली, बाहेर आली. स्टेशनातून गेली. पुलावरून जाताना मामांनी नेहमीप्रमाणे श्वास धरला. मग ती माझ्या फळीवर आली. मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी तीन चेहरे बघत होतो. मला वाटत होतं, नको, सांडू नको. हा सापळा मीच लावला होता, तरी वाटत होतं.

टक् असा आवाज झाला. “अगंबाई!” बाई ओरडल्या. “आज तपासनिसांचा चहा!” डॉक्टर टाळी वाजवून हसले. दोघंही फळीवर सांडलेल्या पाण्याकडे बघत होते. मामा बघत नव्हते. त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला होता आणि ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते. अंगठा तर्जनीवर घासून पाहिला, जणू तिथं काही चिकटलं आहे. सापडला, असं माझं मन म्हणालं, आणि क्षणभर मला ऑफिसात वाटतो तसला गार आनंद झाला. “पुन्हा फिरव,” मामा म्हणाले. आवाज कोरडा होता. डॉक्टरांनी पुन्हा पाणी भरलं. या वेळी वाघीण उसळून रुळावरून खालीच उतरली. मामा उठले, सांध्यापर्यंत आले, बोट पुढं केलं, आणि रुळाला लागायच्या आत मागं घेतलं. माझ्यासमोर त्यांना तिथं हात लावता येत नव्हता. “असू दे हो मामा,” मी म्हणालो, “हवा बदलली असेल.” हे मी मुद्दाम म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्या नजरेत ओशाळलेपण असेल. नव्हतं. ती भीती होती. एवढ्या उंचापुऱ्या माणसाला इतकी भीती वाटताना मी कधी पाहिलं नव्हतं.

रीतीप्रमाणे मी चहा ठेवायला गेलो. शेगडी खिडकीपाशी आहे, खोलीकडे पाठ होते. पाणी उकळायला लागलं. मग मामांचा आवाज आला, अगदी हळू. “बाई, हे तुम्ही ठेवा.” मी वळलो. त्यांनी कानशींची गुंडाळी उघडली होती. कापडात ओळीनं खोचलेल्या त्यांच्या बारीक कानशी, ज्यांना त्यांनी आम्हाला कधी हातही लावू दिला नव्हता. ती गुंडाळी बांधून ते बाईंपुढं सरकवत होते. “अहो, हे काय चाललंय?” बाई म्हणाल्या. “उद्याचं होऊन जाऊ दे,” मामा म्हणाले, “मग माझी फळी काढा. ऑपरेशननंतर मी एक जुनं काम पुन्हा नव्यानं केलं होतं. बारीक काम होतं. मला वाटलं, जमलं. परत परत बघितलं, मला सरळच दिसलं. ते सरळ नव्हतं.” डॉक्टर पुढं सरकले. “मामा, डोळा उत्तम आहे तुमचा, सर्जनशी मी स्वतः बोललोय. कसलं काम?” “होतं एक,” मामा म्हणाले. “घरचं.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चहा उतू गेला. मी शेगडी बंद केली आणि सांडलेलं फडक्यानं पुसत राहिलो, कारण पुसत असेपर्यंत वळायला नको होतं. खिशात काड्याची पेटी होती. तिच्यातलं पितळ सगळ्या खोलीला ऐकू येतंय असं वाटत होतं. मी गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नव्हतं. मामा सांगणार नव्हते, ते तर आत्ताच ठरलं होतं. स्वतःचे हात गेले असं मानून घरी जायला ते तयार होते, पण सांधा माझा नाही हे त्यांच्या तोंडून निघालं नसतं. रविवारच्या आधी पट्ट्या मी गुपचूप परत बसवू शकत होतो. बायको येईल, मैत्रीण येईल, पाणी हलणार नाही, आणि सगळे म्हणतील, वा. मामांच्या जागी एक रिकामी खुर्ची, एवढंच. हा विचार मी केला. पुरता केला, शेवटपर्यंत. मला मामांचा रागही येत होता, अजून येत होता, सांगितल्याशिवाय माझ्या वस्तूला हात लावणाऱ्या या माणसाचा. कुणी सांगितलं होतं सरळ करायला? वाकडं होतं तर वाकडं, माझं होतं. पण बाईंनी ती गुंडाळी हातात घेतली होती, नाइलाजानं, आणि मामा रिकामे हात मांडीवर कुठं ठेवावेत हे न समजून त्यांच्याकडे बघत बसले होते.

“मामा, तुमचं काम सरळ होतं,” मी म्हणालो. माझाच आवाज मला किरटा वाटला. पेटी काढून टेबलावर उपडी केली. दोन पट्ट्या घरंगळल्या. “गुरुवारी मी काढल्या. कुणी बसवल्या ते बघायचं होतं, म्हणून मुद्दाम काढल्या. पाणी सांडलं ते त्यामुळे.” बाईंना कळेना. “कसल्या पट्ट्या?” मग मला ते सगळं नीट, पहिल्यापासून, मोठ्यानं सांगावं लागलं. सांधा मी केला, पण तो माझ्यानं कधीच चालला नाही. चालवला मामांनी. इतके महिने मी ज्याचा तोरा मिरवला तो माझा नव्हता. सांगताना मी चहाच्या फडक्याला पीळ देत होतो. डॉक्टर घसा खाकरले. “हिरवी तार मात्र माझी आहे हं,” ते म्हणाले, “तुमची शॉर्ट होत होती.” बाई हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मामांनी एक पट्टी उचलली. चष्मा काढला, घातला, तिची कड खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मग ते सांध्यापाशी गेले, आणि या वेळी बोट रुळावरून शेवटपर्यंत फिरवलं. “सरळ होती,” ते स्वतःशीच म्हणाले. “सरळच होती.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही. मग ते माझ्यावर उखडले. “दोन मिनिटं माझा जीव गेला होता, माहितीय? विचारायचं की सरळ! तोंड नव्हतं तुला?” “तुम्हाला होतं?” मी म्हणालो. हे कसं तोंडातून गेलं कोण जाणे. “तुम्ही विचारलंत मला, हात लावू का म्हणून?” मामांनी हातातली पट्टी फळीवर ठेवली. “नाही,” ते म्हणाले. “सुरुवातीला तू दर शनिवारी रडकुंडीला यायचास. मला वाटलं, सोडून जाशील. नाही विचारलं. चुकलं ते.” ‘चुकलं’ हा शब्द मला कुणाच्या तरी तोंडून किती वर्षं ऐकायचा होता, हे तो ऐकल्यावर कळलं, आणि ऐकल्यावर त्याचं काय करायचं हे कळेना.

मामांनी बाईंच्या हातातली गुंडाळी परत घेतली, सोडली, एक कानस आणि चिमटा काढून माझ्यापुढं ठेवला. दोन्ही पट्ट्याही ठेवल्या. “आता तूच बसव. बसवायच्या नसतील तर नको बसवूस, उद्या पाणी सांडू दे, तुझा सांधा आहे. मी बघणार नाही.” आणि त्यांनी खरोखरच खुर्ची ओढून तोंड खिडकीकडे केलं. बाई डोंगराकडे वळल्या, डॉक्टर तारा चाचपायला टेबलाखाली गेले. तिन्ही पाठी माझ्याकडे. हेच तर मला हवं होतं. मी फळीवर वाकलो, पट्टी चिमट्यात धरली. रुळाखालची फट केसाएवढी होती, माझ्या डोक्याची सावली नेमकी तिच्यावर पडत होती. एकदा सरकवली, वाकडी गेली. पुन्हा काढली. एवढ्या माणसांच्या खोलीत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. आणखी एकदा प्रयत्न केला. मग चिमटा खाली ठेवला.

“मामा,” मी म्हणालो, “जरा दिवा धरता का?”

खुर्ची करकरली. ते आले, टेबलावरचा दिवा उचलून माझ्या खांद्यावरून धरला, आणि फट स्वच्छ दिसायला लागली. मी पट्टी उचलली, पण लक्ष त्यांच्या हाताकडेच जात होतं. म्हातारा, शिरा तटतटलेला हात. दिवा जराही हलत नव्हता.

“दिव्याकडे काय बघतोस?” मामा म्हणाले. “आपल्या हाताकडे बघ.”